पासात उरलेले तेवीस दिवस

ही रात्रीची गोष्ट नाही. सकाळी सात चाळीसच्या बसमधली आहे, लख्ख उजेडातली, साठ-सत्तर माणसांच्या गर्दीतली. म्हणूनच ती सांगताना मला जास्त त्रास होतो. अंधारात काही झालं असतं तर भास म्हणून सोडून दिलं असतं.

तारीख २१ फेब्रुवारी २०२४, बुधवार. म्हैसूरचं सबर्बन बसस्टँड.

पटत नसेल तर नका मानू. मीही बरेच दिवस मानलं नव्हतं.

माझं नाव भुवन. आमचं घराणं म्हैसुरातलं जुनं. खापरपणजोबा राजांच्या घोडदळात होते असं घरात सांगतात, घोडा मात्र कुणी पाहिलेला नाही. घरी आम्ही मराठी बोलतो, पण निम्मी कन्नडच असते. बायको स्पृहा साताऱ्याची. हे लिहिलेलं तिने तपासून दिलंय. त्यामुळे शुद्धलेखन तिचं, घडलेलं माझं.

माझी आई सरोजिनी म्हैसूरजवळच्या सोसले गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात सरकारी शाळेत शिकवायची. सत्तावीस वर्षं एकच शाळा, एकच बस. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. पर्समध्ये महिन्याचा पास. त्या गावात तिला टीचरम्मा म्हणायचे.

७ नोव्हेंबर २०२२ ला ती शाळेतून आली. चहाचं आधण ठेवलं. आणि ओट्याला टेकून खाली बसली.

पुन्हा उठली नाही.

माझे वडील दामोदरराव, म्हणजे अप्पा, पोस्टातून रिटायर झालेले. आई गेल्यावर ते रडले नाहीत, चिडले नाहीत. नुसते गप्प झाले. वर्षभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्यांच्या हृदयाला आधीच गोळ्या चालू होत्या. मला रोज सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडायची भीती वाटायची. आत काय दिसेल, ही भीती.

म्हणून जानेवारीच्या शेवटी ते स्वतःहून म्हणाले, "उद्यापासून सकाळी जरा बसने फिरून येतो. पास काढलाय," तेव्हा आम्हा दोघांना आनंदच झाला.

रविवार-सुट्ट्या सोडून रोज सात वाजता निघायचे. साडेदहा-अकराला परत. चेहऱ्यावर तरतरी दिसायची, जेवणही वाढलं. आम्ही म्हटलं, चला, माणूस हलला एकदाचा.

पंधरा दिवस असे गेले.

मग एका संध्याकाळी कपडे भिजवताना स्पृहाने अप्पांच्या शर्टाचा खिसा तपासला. आत रबर लावलेली बसची तिकिटं होती.

अकरा तिकिटं.

सगळी शून्य रुपयाची...

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या राज्यात जून २०२३ पासून बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. पण तिकीट घ्यावंच लागतं. कंडक्टर मशीनमधून शून्याचं तिकीट काढून हातात देतो. ते फक्त बाईमाणसाला मिळतं. पुरुषाला मिळत नाही. आणि अप्पांकडे तर पास होता. त्यांना कुठल्याच तिकिटाची गरज नव्हती.

"कुणी बाई भेटते का यांना?" स्पृहा हळूच म्हणाली. आम्ही दोघं जरा हसलोही. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण मी तिकिटावरचा स्टॉप वाचला.

आईच्या शाळेचा स्टॉप होता.

अकराही तिकिटांवर तोच.

मी तिकिटं घेऊन अप्पांकडे गेलो. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ठेव तिकडे. तुझ्या आईची आहेत ती."

"म्हणजे?"

"तिचा पास एक ते तीस तारखेचा होता, रे. सात दिवस गेले. तेवीस दिवस तसेच राहिले."

"अप्पा, तो पास संपून वर्ष उलटलं."

"तारीख संपली. दिवस कुठे संपले? ते तिचे आहेत." मग पेपरची घडी करून म्हणाले, "मी सुम्ने, नुसता सोबत जातो. ती स्टॉपवर उतरते, मी त्याच बसने परत येतो. कंडक्टर मात्र ऐकत नाही. ती पास दाखवते तरी तिकीट फाडतो. होगली, नियम आहे म्हणतो."

होगली म्हणजे जाऊ दे. इतक्या सहज बोलत होते.

मी घाबरलो. भुताची भीती नव्हती ती. अप्पांचं डोकं फिरलं, ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. टोपी घातली, तोंडाला मास्क लावला आणि त्यांच्या मागे स्टँडवर गेलो.

सात चाळीसची बस लागली. एकच झुंबड उडाली. आमच्याकडे सीट धरायची एक पद्धत आहे. खिडकीतून हात घालून टॉवेल, रुमाल, जे हाताला येईल ते सीटवर टाकायचं. एकदा टाकलं की ती सीट त्याची. मग कितीही गर्दी असो, त्यावर कुणी बसत नाही. भांडखोर माणूसही बसत नाही.

अप्पांनी तिसऱ्या खिडकीतून हात घातला.

आईचा पास टाकला. प्लॅस्टिकच्या पाकिटातला, तिच्या फोटोचा.

मग सावकाश चढले. खिडकीची सीट मोकळी ठेवून शेजारी बसले. पास उचलून खिशात ठेवला. मी मागच्या रांगेत कोपऱ्यात उभा होतो.

बस भरली. दाराच्या पायरीपर्यंत माणसं. एक बाई कडेवर मूल घेऊन अप्पांच्या सीटला टेकून उभी होती. घामाने डबडबलेली.

आणि तिच्यापासून हातभर अंतरावर खिडकीची सीट रिकामी होती.

पास आता तिथे नव्हता. रुमाल नव्हता. काहीच नव्हतं.

ती बाई बसली नाही. तिने एकदा त्या सीटकडे पाहिलं... मूल दुसऱ्या कडेवर घेतलं... आणि नजर वळवली. जसं आपण बसलेल्या माणसाकडे फार वेळ बघत नाही, तसं.

वरुणा गाव गेलं. आणखी माणसं चढली. कुणीच बसलं नाही.

कंडक्टर आला. नरसिंहमूर्ती त्याचं नाव, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. त्याने आईला कधी पाहिलेलंच नव्हतं. अप्पांचा पास त्याने मान हलवून मान्य केला. मग खिडकीकडे बघून काहीतरी बोलला, हसला, मशीनचं बटण दाबलं. तिकीट अप्पांच्या हातात दिलं.

बारावं.

आईच्या शाळेचा स्टॉप आला. घंटी कुणी वाजवली नाही. तरी बस थांबली. अप्पांनी गुडघे बाजूला घेतले, वाट द्यायला घेतात तसे. गर्दीही थोडी इकडेतिकडे झाली. पुढच्या दारापर्यंत एक अरुंद वाट पडली...

त्या वाटेत कुणी नव्हतं.

"निधान अम्मा, निधान," नरसिंहमूर्ती म्हणाला. सावकाश. गुडघे दुखणारं माणूस पायऱ्या उतरायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ तो थांबला. मग शिट्टी मारली.

बस निघाली. आणि मूल घेतलेली बाई लगेच खिडकीच्या सीटवर बसली.

परत आल्यावर स्टँडवर अप्पा पुढे गेले तसा मी नरसिंहमूर्तीला गाठलं. अप्पांच्या शेजारी कोण बसतं, ते कन्नडमध्ये विचारलं.

"टीचरम्मा ना? त्यांची मिसेस." तो चहा पीत होता. "रोज जुना पास पुढे करतात. मी म्हणतो, अम्मा, आता पास लागत नाही तुम्हाला. तरी दाखवतात. सवय असते माणसाला."

मी मोबाइलवर आईचा फोटो दाखवला.

"ह्याच की," तो म्हणाला. "तुम्ही कोण त्यांचे?"

मुलगा आहे, असं मला म्हणवेना. मी तसाच निघून आलो.

अप्पांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दुःखाने असं होतं, मन रमतंय तर जाऊ द्या. कंडक्टरचं मी सांगितलं नाही. काय सांगणार? स्पृहाला सांगितलं. ती म्हणाली, "तेवीस दिवसांचाच प्रश्न आहे ना? होऊ देत पूर्ण. मग येतील ते भानावर." मलाही ते पटलं. खरं तर, आई दिवसातून सव्वा तास का होईना, कुठेतरी आहे, या विचाराने मला बरंही वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

२० फेब्रुवारीच्या संध्याकाळी मी अप्पांच्या गोळ्या आणायला निघालो.

"नको आणू," अप्पा म्हणाले. "आजच्याला आहेत. पुरे आयतु, पुरे झालं."

"आणि उद्या?"

ते स्पृहाकडे वळले. "उद्या जेवायला माझी वाट बघू नकोस, बाळ. उद्या तिचा शेवटचा दिवस. मी तिच्याबरोबर उतरणार आहे."

"उतरून कुठे जाणार, अप्पा?" मी विचारलं.

"ती नेईल तिकडे."

मग त्यांनी कपाटाची किल्ली, पेन्शनचे कागद आणि हातातलं घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. चेहरा शांत होता. इतकं शांत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. आईचाही राग आला. ती गेली ते गेली, आता यांनाही न्यायला आली, असं वाटलं. माझ्याकडे एकच माणूस उरला होता.

रात्रभर विचार केला. घरात कोंडलं तर आरडाओरडा करतील, हृदय बंद पडेल. पास लपवला तर तिकीट काढून जातील.

मग सुचलं. ती सीटच मिळाली नाही तर?

आज मागे वळून बघताना वाटतं, त्यापेक्षा त्यांना कोंडलेलं बरं होतं.

सकाळी साडेसहालाच मी स्कूटरने स्टँडवर गेलो. बस लागताच सगळ्यांत आधी चढलो. आणि तिसऱ्या सीटच्या पुढे, वाटेत उभा राहिलो.

खिडकीतून ओळखीचा हात आत आला.

पास सीटवर पडला. आईचा फोटो वर.

म्हैसुरात जन्मलेला माणूस धरलेल्या सीटवर बसत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. मी पास उचलला.

आणि बसलो.

शेजारी केळीच्या पानांचं गाठोडं घेऊन एक म्हातारा बसला. त्याला कुणी अडवलं नाही.

अप्पा चढले. मला पाहून जागच्या जागी थांबले.

"भुवन. ऊठ."

"नाही, अप्पा."

"ऊठ म्हणतो, बा रे. चढलीय ती."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अप्पा ओरडले नाहीत. शेजारी वरचा दांडा धरून उभे राहिले. बस सुटली.

गर्दी तीच, रोजची. पण माझ्या सीटच्या मागे, अप्पांच्या बाजूला, एका माणसाची जागा मोकळी होती. काचेत दिसत होती मला. माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती, पण त्या जागेत कुणी सरकत नव्हतं.

मग आवाज आला...

टक्.

माझ्या डोक्यामागे सीटचा लोखंडी दांडा असतो, त्यावर. उभ्या माणसाने दांडा धरावा आणि बोटातली अंगठी त्याला लागावी, तसा आवाज. बसला हिसका बसला की यायचा.

टक्.

माझी सीट किंचित मागे ओढली जायची. वळण आलं की कुणीतरी सगळा भार तिच्यावर टाकायचं.

मी मान वळवली नाही. माझी हिंमत झाली नाही.

नरसिंहमूर्ती आला. मी तिकिटाचे पैसे पुढे केले. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डोक्यावरून मागे बघत होता.

"टीचरम्मा निंतिद्दारे, सार्," तो म्हणाला. "सीट बिट्टुकोडी."

टीचरम्मा उभ्या आहेत. सीट सोडा.

शेजारच्या म्हाताऱ्यानेही मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे. "वयस्कर बाई आहे, उठावं माणसाने," असं काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटला.

मी उठलो नाही.

मला वाटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तो स्टॉप गेला की संपलं. अप्पा वाचले.

"भुवन," अप्पा वाकून माझ्या कानाशी बोलले. आवाज रडवेला होता. "दिवसभर फळ्यासमोर उभीच असते रे ती. पोटऱ्यांच्या शिरा फुगायच्या. रात्री मी तेल लावून द्यायचो. सत्तावीस वर्षं सीट कशासाठी धरली मी? निदान बसमध्ये तरी बसावी म्हणून. तू पोटात होतास, तेव्हाही एक दिवस उभी राहू दिली नाही तिला."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी मी उठलो नाही. त्यांना जिवंत घरी न्यायचं होतं मला.

टक्. टक्.

स्टॉप आला. बस थांबली. वाट पडली, रोजच्यासारखी. अप्पा दाराकडे निघाले. मी म्हाताऱ्याच्या गाठोड्यावरून हात लांबवून त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांनी सोडवायचा प्रयत्नही केला नाही. मागे वळून पाहिलं फक्त.

नरसिंहमूर्ती पायरीपाशी हात धरून थांबला होता. "बन्नी अम्मा," म्हणाला. या.

बराच वेळ गेला.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागचे लोक ओरडायला लागले.

"उतरत नाहीत का?" नरसिंहमूर्तीने अप्पांना विचारलं.

अप्पा माझ्या डोक्यावरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची महिनाभराची तरतरी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

"नाही," ते म्हणाले. "नाही उतरत ती. याच्या मागेच उभी आहे."

शिट्टी वाजली. बस निघाली.

अप्पा घरी आले. जेवले, गोळ्या घेतल्या. आज त्यांची तब्येत चांगली आहे, डॉक्टरही तसंच म्हणतात. त्यानंतर ते एकदाही बसने गेले नाहीत. "कशाला जाऊ? ती तिथे नाही आता," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी ऑफिसच्या बसमध्ये बसलो होतो. एसी बस, अर्धी रिकामी. माझ्या मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

टक्.

सीट किंचित मागे ओढली गेली.

मी उतरलो आणि पाच किलोमीटर चालत गेलो. दुसऱ्या दिवशी सिटी बसने निघालो. तिथेही तेच. बंगळूरला जाताना, भर दुपारच्या तीन तासांच्या प्रवासातही तेच. मी बसलो की मागे कुणीतरी उभं असतं.

सात चाळीसच्या बसनेही जाऊन पाहिलं. रुमाल टाकून तीच खिडकी धरली आणि स्वतः उभा राहिलो. तिसऱ्या मिनिटाला एका बाईने रुमाल माझ्या हातात आणून दिला. "कुणी येत नाहीये ना?" म्हणाली आणि बसली. साधी सीट होती ती. नरसिंहमूर्तीची बदली झाली होती. नवा कंडक्टर माझ्याकडे एकदाच आला, माझं एकट्याचं तिकीट काढून गेला.

आता मीही महिन्याचा पास काढलाय. स्कूटर असून रोज बसने जातो. स्पृहाला हे आवडत नाही, पण ती काही बोलत नाही. मी आईचा तो जुना पास टाकून सीट धरतो, तिच्यापुढे उभा राहतो आणि मनात म्हणतो, आई, बस. गर्दीतही ती सीट रिकामीच राहते, कुणी बसत नाही तिच्यावर. तेवढ्यापुरती आशा वाटते.

मग हिसका बसतो. मी धरलेल्या दांड्यावर, माझ्या हाताच्या अगदी बाजूला...

टक्.

बावीस तिकिटांवर ते रबर अजून आहे. तेविसावं कधी निघालंच नाही. तिचा एक दिवस उरलाय आणि तो संपवायचा कसा, हे मला कुणी सांगू शकत नाही.

संध्याकाळी घरी आलो की अप्पा दाराशीच असतात. चपला काढायच्या आत विचारतात.

"बसली का रे ती आज?"

मी हो म्हणतो.